त्रिंकोमाली : मुंबईच्या गोदीतली एक फ्रिगेट आणि तिची अर्धी कहाणी

फोर्टात नोकरी करत होतो त्या वर्षांत नौदलाच्या गोदीच्या लायन गेटावरून माझे रोजचे जाणे-येणे असे. आत जायची परवानगी नसे आणि आत काय आहे याची फारशी उत्सुकताही नव्हती. पुढे एशियाटिकच्या वाचनालयात रत्तनजी अर्देशीर वाडिया यांचा मुंबईच्या गोदीवरील १९५५ सालचा ग्रंथ हाती आला आणि त्या दगडी भिंतीपलीकडे एकेकाळी काय घडत होते ते कळले. मी इतिहासाचा पदवीधर नाही, जहाजबांधणीचा जाणकार तर मुळीच नाही. गेली काही वर्षे मिळेल ते वाचून टिपणे काढत आलो, एवढीच माझी पात्रता. त्या टिपणांतले एक जहाज मात्र मनातून जाईना. 'त्रिंकोमाली' ही ती फ्रिगेट. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात, तरंगत्या अवस्थेत, संग्रहालय म्हणून उभी आहे.

तिची कहाणी दोन तऱ्हांनी सांगितली जाते. इंग्रजी तऱ्हा आरमारी सेवापुस्तकाची आहे : बांधणीचा हुकूम कधी निघाला, कप्तान कोण, कोणत्या समुद्रावर नेमणूक, परत कधी आली, विकली कधी. आपली तऱ्हा अभिमानाची आहे : मुंबईच्या कारागिरांनी बांधलेले सागवानी जहाज दोनशे वर्षे टिकले, इंग्रजांची ओकची जहाजे मात्र कुजून गेली. दोन्हींत खोटे असे फार नाही, पण दोन्ही कहाण्या अर्ध्या आहेत. पहिली जहाजावर चढलेल्या अधिकाऱ्यांपाशी थांबते, दुसरी ते बांधणाऱ्या एका घराण्यापाशी. या जहाजासाठी ज्यांनी काही गमावले, ते दोन्हींत आढळत नाहीत. सेवेचा इतिहास वाचताना 'सेवा कोणाची?' हा प्रश्न विचारला तर काय हाती लागते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

बुडालेले नकाशे

आधी 'ब्रिटिश फ्रिगेट' या शब्दांकडेच पाहू. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, मुख्य तोफा एकाच मजल्यावर वाहणारे वेगवान लढाऊ जहाज. मोठ्या आरमारी जहाजांसारखे रांगेत उभे राहून तोफांचा मारा सोसण्याचे काम तिचे नव्हे. टेहळणी, पाठलाग, व्यापारी तांड्यांचे रक्षण आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरकारचे अस्तित्व दाखवणे हे तिचे काम. 'त्रिंकोमाली' ज्या 'लीडा' वर्गातली, त्याचा आराखडा मुळात फ्रेंच. १७८२ साली इंग्रजांनी 'एबे' ही फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिच्या रेषा त्यांना इतक्या आवडल्या की त्यांवरून पुढे एक अख्खा वर्ग बांधला गेला. आराखडा फ्रेंच, लाकूड हिंदुस्थानचे, बांधणारा पारशी, नाव सिंहली-तमिळ मुलखातल्या बंदराचे आणि झेंडा तेवढा ब्रिटिश, असा हा मामला.

बांधणीचा हुकूम १८१२ साली निघाला. नेपोलियनशी युद्ध चालू होते, अमेरिकेशी नवे जुंपले होते आणि इंग्लंडात चांगल्या ओकची टंचाई होती. नकाशे घेऊन 'जावा' ही फ्रिगेट मुंबईकडे निघाली. मुंबईत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी लागणारे तांबेही तिच्यावर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी तिची गाठ पडली. 'जावा'ची इतकी नासधूस झाली की जिंकणाऱ्यांनाही ती नेण्याजोगी वाटली नाही आणि त्यांनी ती पेटवून दिली. नकाशे तिच्याबरोबर गेले. नव्या प्रती 'स्टर्लिंग कॅसल' या जहाजावरून मुंबईला पोचवाव्या लागल्या.

'जावा'वर आणखी एक प्रवासी होता. लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप मुंबईला मोठ्या पदावर रुजू होण्यासाठी निघाले होते. अमेरिकनांनी त्यांना पकडले आणि शब्दावर सोडले. हेच हिस्लॉप पुढे मद्रासच्या फौजेचे सरसेनापती झाले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्यासमोर उभे राहिले. मराठी वाचकाला हे नाव तिथूनच ठाऊक असते. ब्राझीलजवळचा तो पराभव आणि महिदपूर यांचा धागा एकाच माणसात सापडतो, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही, कारण समुद्र आणि जमीन यांची प्रकरणे आपण वेगळी बांधतो.

तारखांचाही असाच योग आहे. कणा बसला एप्रिल १८१६ मध्ये. तोवर नेपोलियन सेंट हेलेनावर पोचला होता आणि ज्या युद्धासाठी जहाज मागवले ते संपले होते. जहाज पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ रोजी आणि त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. पेशवाईच्या शेवटाशी या फ्रिगेटचा काही संबंध नव्हता. तरी एवढे खरे, की घाटावर सत्ता अजून डळमळीत होती तेव्हा घाटाखाली कंपनी सरकारची गोदी एकामागून एक लढाऊ जहाजे बाहेर काढत होती.

साग आणि हात

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याची सुरुवात १७३६ साली झाली. लवजी नसरवानजी सुरतेहून काही सुतार घेऊन मुंबईस आले. पुढे सुकी गोदी झाली, १८१० पर्यंत मोठी डंकन गोदी उभी राहिली. 'त्रिंकोमाली'चे बांधकाम जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली झाले. त्याआधी १८०५ साली या गोदीतून निघालेल्या एका सागवानी फ्रिगेटचे नाव 'सॅल्सेट' होते, म्हणजे आपली साष्टी. १८१० साली ७४ तोफांचे 'मिंडेन' झाले. पुढचे 'कॉर्नवॉलिस' १८१३ चे. १८४२ साली चीनला ज्या तहाने हाँगकाँग सोडावे लागले, तो नानकिंगचा तह याच जहाजावर झाला.

नव्या जहाजाच्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकण्याची रीत वाडियांच्या गोदीत होती. हा खिळा आपल्या सगळ्या लेखांत चमकतो. उरलेल्या हजारो खिळ्यांविषयी मात्र आपण गप्प असतो. सुमारे १५० फूट लांब आणि ४० फूट रुंद असे जहाज एका कुशल मेस्त्रीने 'बांधले' असे म्हणणे म्हणजे ताजमहाल शहाजहानने बांधला म्हणण्यासारखेच. वाकड्या फांद्यांतून नेमकी वळणे निवडणारे, करवतीने फळ्या पाडणारे, फळीच्या कडेला खाच घेऊन ती शेजारच्या फळीत बसवणारे, फटींत कापूस आणि राळ ठासणारे, तळाला तांब्याचे पत्रे मारणारे, असे हे काम शेकडो हातांचे. शाही आरमाराच्या हजेरीपत्रकांत प्रत्येक खलाशाचे नाव लिहिले जाई, अगदी पोऱ्यासुद्धा. 'त्रिंकोमाली'ची कहाणी सांगताना इंग्रज लेखक त्या पत्रकांवर विसंबतात. आपण वाडियांच्या वंशावळीवर विसंबतो. सुतार, लोहार आणि हमाल या दोन्ही कागदांच्या मधल्या फटीत पडतात.

आता सागाकडे. सागाचे गुण खरे आहेत. त्याच्या अंगात तेल असते, म्हणून तो पाण्यात सहज कुजत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात ते शाबूत राहतात. उन्हापावसात तो फारसा वाकत-तडकत नाही. पण हा साग मुंबईत उगवत नव्हता. गोदीला लागणारे मोठे लाकूड प्रामुख्याने मलबारच्या जंगलांतून येई. हत्तींनी ओढून नदीकाठी आणलेले ओंडके प्रवाहातून किनाऱ्यापर्यंत तरंगत येत आणि पुढे जहाजाने उत्तरेकडे जात.

मलबार १७९२ साली टिपूकडून कंपनीकडे आला. १८०६ साली पोलीस खात्यातल्या कॅप्टन वॉटसन यांना तिथे जंगलांचे रक्षक नेमण्यात आले. पदाचे नाव रक्षक, काम मात्र आरमारासाठी साग राखून ठेवण्याचे. सागावर सरकारी मक्तेदारी बसली. ज्यांच्या खासगी मालकीची रानी जमीन होती त्यांना आपलेच झाड तोडता येईना, आणि रानावर जगणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरालाही आडकाठी झाली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ साली, थॉमस मन्रो मद्रासचे गव्हर्नर असताना, हे पदच रद्द करावे लागले. १८१२ ते १८१७ ही 'त्रिंकोमाली'ची वर्षे या मक्तेदारीच्या ऐन मध्यावर येतात. १८४०च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूरला सागाची लागवड सुरू केली, कारण तोवर नैसर्गिक साग विरळ झाला होता. आज ती लागवड पाहायला पर्यटक जातात. हार्टलपूलला जहाज पाहायला जाणारे आणि निलांबूरला झाडे पाहायला जाणारे एकाच गोष्टीची दोन टोके पाहत असतात.

जहाजाचा अभिमान बाळगताना हे ओझे उतरवून ठेवता येणार नाही. मुंबईची कारागिरी आणि मलबारची लूट एकाच फळीत जोडलेली आहेत.

न लढलेल्या जहाजाची सेवा

जहाज एप्रिल १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचले. वाटेत सेंट हेलेनावर काही दिवस थांबले आणि तिथून जॉन स्टोको हे डॉक्टर चढले. नेपोलियनची तपासणी केल्यामुळे ते वरिष्ठांच्या रोषास पात्र झाले होते. इंग्लंडात पोचल्यावर 'त्रिंकोमाली'च्या वाट्याला आली ती निवृत्ती. युद्ध संपले होते, जहाजे उदंड झाली होती. डोलकाठ्या उतरवून तिला राखीव ठेवले गेले आणि ती पंचवीसहून अधिक वर्षे तशीच उभी राहिली. १८४५ नंतर मागचा भाग नव्याने घडवून, मूळच्या ३८ तोफांच्या आराखड्याऐवजी २६ पण अधिक जड तोफा देऊन तिला 'कॉर्व्हेट' या खालच्या वर्गात टाकले गेले.

पहिली खरी मोहीम १८४७ ते १८५०, कप्तान रिचर्ड लेअर्ड वॉरन. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज हे क्षेत्र. हैतीत दंगल, क्यूबावर स्वारीची आवई, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध गस्त, मग न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर. दुसरी मोहीम १८५२ ते १८५७, कप्तान वॉलेस हूस्टन, पॅसिफिक महासागर. १८५४ साली ती फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेच्या शोधात उत्तरेला अडकलेल्या 'प्लोव्हर' जहाजासाठी रसद घेऊन अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत गेली. क्रिमियाचे युद्ध चालू असताना ती पॅसिफिकमध्येच होती. शत्रूच्या आरमाराशी मोठी लढाई तिच्या नशिबी कधीच आली नाही. इंग्रज लेखक हे काहीशा खंतावलेल्या सुरात लिहितात. रसद पोचवणे आणि गुलामांची जहाजे अडवणे ही कामे मात्र मला कमी मोलाची वाटत नाहीत, त्यांचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

पण तोफा कधी कामी आल्याच नाहीत, असे म्हणून पुढे जाता येत नाही. १८५६ सालचे एक प्रकरण आहे. कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकूव्हर बेट तेव्हा ब्रिटिश वसाहत होते. बेटावरच्या कौइचन लोकांच्या मुलखात थॉमस विल्यम्स नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्यावर ताथलासुत या तरुणाने गोळी झाडली. विल्यम्स जखमी झाला, पण जगला. गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी 'त्रिंकोमाली' मागवली. अरुंद खाड्यांत शिडांचे जहाज वळवणे कठीण, म्हणून 'ऑटर' ही आगबोट तिला ओढत घेऊन गेली. चारशेहून अधिक खलाशी आणि सैनिक किनाऱ्यावर उतरले. गव्हर्नर स्वतः बरोबर होते. समोर कौइचन योद्धेही शेकड्यांनी जमले होते. ताथलासुतने डग्लस यांच्यावरच बंदूक रोखल्याचे सांगतात. तो पकडला गेला. तिथल्या तिथे खटला उभा राहिला आणि जमातीच्या डोळ्यांदेखत त्याला फाशी देण्यात आले.

कोणाचा जीव गेला नव्हता अशा गुन्ह्यासाठी एका माणसाचा जीव गेला. आरमारी भाषेत हे 'शांतता राखणे'. सेवापुस्तकात या प्रकरणाला एखादे वाक्य मिळते. माझ्या मते त्या जहाजाच्या साऱ्या सेवेचा अर्थ या एका वाक्यात सापडतो. फ्रिगेट लढायला बांधली होती, आणि तिचा खरा उपयोग न लढता, केवळ किनाऱ्याजवळ उभे राहून झाला. ज्यांच्याकडे असे जहाज नव्हते, त्यांनी कायदा कोणाचा हे त्या दिवशी शिकून घेतले. कौइचन इतिहासाचे अभ्यासक आज हे प्रसंग वेगळ्या नजरेने वाचतात. आपणही ते वाचायला हवेत, कारण ज्या डेकवरून त्या तुकड्या उतरल्या तो आपल्या लोकांनी घडवला होता.

याच परिसरात एका सामुद्रधुनीला पुढे 'त्रिंकोमाली' हे नाव मिळाले, आणि जवळच्या एका वाटेला कप्तान हूस्टन यांचे. श्रीलंकेच्या बंदराचे नाव मुंबईच्या जहाजावर बसून कॅनडाच्या नकाशावर उतरले. ताथलासुतचे नाव त्या नकाशात मी शोधले. मला ते दिसले नाही.

ती टिकली कशी?

आता आपल्या आवडत्या दाव्याकडे वळतो. साग होता म्हणून ती टिकली, असे आपण म्हणतो. मीही अनेक वर्षे मित्रांना हेच सांगत असे. पण पुरावा तपासल्यावर थांबावे लागले.

याच वर्गातली, याच आराखड्याची 'ॲम्फिट्राइट' १८१६ साली मुंबईतच, त्याच सागात बांधली गेली. ती १८७५ साली मोडीत निघाली. उलट याच वर्गातली 'युनिकॉर्न' इंग्लंडातल्या चॅटमला ओकच्या लाकडात बांधून १८२४ साली पाण्यात उतरली, आणि ती आज स्कॉटलंडमधल्या डंडीला तरंगते आहे. साग मोडला, ओक टिकला. 'युनिकॉर्न' टिकली, कारण तिच्यावर छप्पर घालून तिला बंदरात ठेवले आणि समुद्रावर पाठवलेच नाही. 'त्रिंकोमाली'चेही आयुष्य मोजून पाहावे. समुद्रावरची सलग सेवा जेमतेम आठ-नऊ वर्षांची, बाकी काळ बंदरात. १८६०च्या सुमारास ती राखीव खलाशांच्या कवायतीचे जहाज झाली, आधी संडरलंड, मग वेस्ट हार्टलपूल, मग साउथॅम्प्टन. १८९७ साली मोडीत विकली गेली.

तिथून ती परतली ती निव्वळ योगायोगाने. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांकडे 'फुद्रॉयां' हे जुने जहाज होते. ते कधीकाळी नेल्सनचे ध्वजजहाज होते. त्याच १८९७ साली ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटले. कॉबना दुसरे जहाज हवे होते, त्यांनी मोडीवाल्याकडून 'त्रिंकोमाली' घेतली, दुरुस्त केली आणि तिला बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. पुढची जवळपास नव्वद वर्षे ती 'फुद्रॉयां' म्हणून मुलांना समुद्रविद्या शिकवत राहिली, आधी फाल्मथला, मग पोर्ट्समथला. तिच्या शेजारी एक जुने फ्रेंच जहाज होते, 'इम्प्लॅकेबल'. पैशाअभावी ते १९४९ साली मुद्दाम बुडवले गेले. १९८७ साली 'फुद्रॉयां' हार्टलपूलला आली, १९९२ साली तिला मूळ नाव परत मिळाले, आणि २००१ साली जीर्णोद्धार पुरा झाला.

तेव्हा ती टिकली याची कारणे क्रमाने सांगायची तर : चांगले लाकूड, चांगले हात, दीर्घ बेकारी, एका माणसाची हौस, एका वादळाचा योग आणि हार्टलपूलच्या कारागिरांची दहाएक वर्षांची मेहनत. साग या यादीत पहिला आहे, पण एकटा नाही. मुंबईच्या सुतारकामाचा मान यातून कमी होत नाही. जीर्णोद्धारानंतरही जहाजाचा अर्ध्याहून अधिक भाग मूळचा आहे, हे त्या हातांचे प्रशस्तिपत्र आहेच. फक्त त्या मानासाठी अपुऱ्या पुराव्याचा आधार घेण्याची गरज नाही.

मी हार्टलपूलला गेलेलो नाही. जाणे होईल असे वाटतही नाही. छायाचित्रांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, रंगरंगोटी केलेले जहाज दिसते. मला पाहायचा असतो तो तळ. रंगाखालचे, पाण्याच्या रेषेच्या आसपासचे ते जुने लाकूड. मलबारच्या रानात कुऱ्हाड चालवणारा, मुंबईत तासणी धरणारा आणि कौइचनच्या किनाऱ्यावर त्या जहाजाकडे पाहत उभा राहिलेला, या तिघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. त्यांना जोडणारे काही असेल तर ते एवढेच लाकूड. या फ्रिगेटवर मराठीत पुढे कोणी लिहील तेव्हा त्याने रुप्याचा खिळा जरूर सांगावा. पण सेवेच्या हिशेबात ही तीन माणसेही मांडावीत, एवढीच या टिपणांच्या धन्याची विनंती.